पाच मिलिमीटर बाहेर, पाच मिलिमीटर खाली

रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये रॉक क्रॉलर ही सगळ्यात संथ जात. ड्रिफ्ट कार घसरत जाते, बगी उड्या मारते, क्रॉलर दगडावर चढतो, आणि तेही इतक्या सावकाश की शेजारून चालणाऱ्याला त्याच्यासाठी थांबावं लागतं. खऱ्या जीपच्या एक दशांश आकाराची गाडी, चारही चाकांना ताकद, पुढचा-मागचा डिफरन्शियल कायमचा लॉक, मऊ रबराचे टायर. यात काय मजा, हा प्रश्न आमच्या घरी अजून विचारला जातो. मी उत्तर देत नाही, रिमोट समोरच्याच्या हातात देते.

घोटीत राहणाऱ्याला या छंदासाठी ट्रॅक बांधावा लागत नाही. कसारा घाट चढून इगतपुरी ओलांडली की आमचं गाव. मुंबईची मंडळी ज्या कळसूबाईसाठी पहाटे आमच्याकडून बारीकडे वळतात ती १६४६ मीटरची, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. कावनईचा किल्ला जवळ, त्रिंगलवाडी त्यापलीकडे. सगळीकडे एकच काळा बसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा. उन्हाळ्यात दारणेचं पाणी उतरलं की काठाचा कातळ उघडा पडतो. कुठे पायऱ्या, कुठे सपाट पाठ, कुठे दोन धोंड्यांमध्ये जेमतेम वीतभर फट. गुडघाभर दगड माझ्या गाडीच्या मापानं दीड मजल्याची भिंत असतो. मुंबई-पुण्यातले क्रॉलरवाले गच्चीवर सिमेंट आणि विटांचे डोंगर रचतात, त्यांची मला दया येते.

प्रश्न चाकांचा आला. गाडीबरोबर आलेली चाकं प्लास्टिकची, टायर त्यांना डिंकानं चिकटवलेले. टायरच्या आतला फोम बदलायचा तर टायर फाडावा लागतो. म्हणून १.९ इंची बीडलॉक चाकं घ्यायची होती; त्यात टायरची कड दोन कड्यांमध्ये स्क्रूनं आवळलेली असते, हवं तेव्हा उघडता येते. चाक पसंत केलं, रंग पसंत केला आणि मग विक्रेत्यानं विचारलं, ऑफसेट कुठला? तीन पर्याय होते. एका सेटचे साडेपाच हजार, म्हणजे सेट एकच येणार होता.

ऑफसेट म्हणजे काय हे घोटीत शिकायचं असेल तर हायवेला उभं राहावं. मला ते माझ्या मामानं शिकवलं. मामा तेवीस वर्षं ट्रकवर होता, बहुतेक काळ मुंबई-आग्रा रस्त्यावर. चार वर्षांपूर्वी साखरेमुळे डोळ्यांचे पडदे बिघडले. रात्रीचं दिसेनासं झालं, मग लांबचं. कुणी सांगायच्या आत त्यानं स्वतःच किल्ली मालकाला परत दिली. आता तो ओट्यावर बसून आवाजावरून गाड्या ओळखतो. चार-पाच फुटांवरचं मात्र त्याला स्वच्छ दिसतं.

मी त्याला तीन ऑफसेटचं सांगितलं. तो मला ढाब्यापुढे उभ्या असलेल्या एका ट्रकजवळ घेऊन गेला.

“पुढचं चाक बघ. बाहेरून कसं आहे?”

“फुगीर.”

“अन् मागचं?”

“खोलगट.”

“डिस्क एकच हाये. उलटी लावलीय.”

मी इतकी वर्षं हायवेच्या कडेला राहिले, पण हे त्या दिवशी नीट बघितलं. ट्रकच्या चाकाची डिस्क मधोमध नसते, एका कडेला सरकलेली असते. पुढे लावताना तिचा फुगवटा बाहेरच्या बाजूला ठेवतात, त्यामुळे टायर आत, ॲक्सलकडे जातो. मागे चाकांची जोडी असते. तिथे दोन डिस्क फुगवट्याला फुगवटा लावून बसवतात, म्हणून बाहेरचं चाक आपल्याला परातीसारखं खोल दिसतं. दोन्ही टायरांमध्ये आपोआप फट राहते आणि एकच स्टेपनी पुढेही चालते, मागेही. टायरच्या रुंदीचा मध्य आणि नट आवळतो ती जागा, या दोहोंमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. एवढीच ती गोष्ट.

“पुढचं आत का घेतात?”

“ते वळतं म्हणून. चाक किंगपिनच्या खाली आलं पायजे. लांब गेलं की खड्ड्यात स्टिअरिंग मारतं.” मग त्यानं हवेत स्टिअरिंग धरून दाखवलं, दोन्ही अंगठे वर, कडेवर टेकलेले. “आमच्या टायमाला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. अंगठा आत घातला आन् चाक दगडाला लागलं, तर अंगठा गेला.”

हे झालं खऱ्या गाड्यांचं. खेळण्यांच्या दुनियेत शिरलं की पहिला गोंधळ आकड्यांच्या चिन्हाचा. मोटारीत नट आवळायची जागा टायरच्या मध्यापेक्षा बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन, म्हणजे चाक आत जातं. आरसी ड्रिफ्ट गाड्यांच्या चाकांवर ३, ६, ९ असे आकडे असतात, आणि तिथे आकडा वाढला की चाक बाहेर येतं. क्रॉलरची चाकं विकणारे यातली कुठलीही एक पद्धत धरतात आणि कुठली धरली ते लिहीत नाहीत. मी गोंद्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, व्हर्नियर रोज हातात असतो, त्यामुळे आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, माप घ्यायचं, ही सवय आधीपासून होती. चाक टेबलावर आडवं ठेवायचं, आतली कड वर. त्या कडेपासून हेक्स टेकते त्या जागेपर्यंतची खोली मोजायची. रिमची पूर्ण रुंदी मोजून तिची निम्मी करायची. माझ्या रिमची रुंदी २६ मिलिमीटर, निम्मी १३. खोली १८ भरली तर टायरचा मध्य हेक्सच्या टेकीपासून ५ मिलिमीटर आत, १३ भरली तर बरोबर टेकीवर, ८ भरली तर ५ मिलिमीटर बाहेर. विक्रेत्याला मी चिन्ह विचारलंच नाही, ही खोली मोजून पाठवायला सांगितली. तीन चाकांच्या तीन खोल्या आल्या: १८, १३ आणि ८.

आता निवड. क्रॉलरवाल्यांना विचाराल तर दहातले आठ जण म्हणतील, रुंद घे, गाडी उलटणार नाही. फोटोतही रुंद गाडी दणकट दिसते. नाशिकला बनणारी थार घेतली की आमच्याकडची पोरं आधी हेच करतात, चाकं मडगार्डच्या बाहेर काढतात आणि पावसाळ्यात स्वतःच्याच दारांवर चिखलाची नक्षी काढून घेतात.

रुंदीनं गाडी उलटत नाही हे खरं आहे, पण किती? हे घरी मोजता येतं. गाडी जेवायच्या पाटावर आडवी ठेवायची, पाटाच्या एका कडेला फोन, फोनमध्ये कोन दाखवणारं ॲप. खालच्या बाजूच्या चाकांना घसरू न देणारी एक पट्टी लावायची आणि पाटाची दुसरी कड हळूहळू उचलायची. वरची चाकं सुटली की कोन वाचायचा. माझी गाडी ५२ अंशांच्या आसपास सुटली. डाव्या-उजव्या टायरांच्या मध्यांतलं अंतर १९० मिलिमीटर. त्याचं निम्मं, ९५, भागिले त्या कोनाचा टॅन केलं की गुरुत्वमध्याची उंची निघते, साधारण ७५ मिलिमीटर. दहावीची त्रिकोणमिती मला पहिल्यांदाच कुठे तरी लागली. स्प्रिंगमुळे गाडी उतरणीकडे कलते, त्यामुळे ही उंची खऱ्यापेक्षा जरा जास्त येते, पण आपल्याला उलटण्याचंच गणित करायचं असल्यानं तीच उपयोगाची.

आता चाकं प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर बाहेर काढली असं धरू. निम्मं अंतर ९५ वरून १०० होतं. ७५ उंचीला कोन येतो ५३ अंश, म्हणजे आधीच्या हिशोबापेक्षा जेमतेम दीड अंश जास्त. सगळा गाजावाजा दीड अंशाचा.

उलट बाजूनं बघू. चाकं आहेत तिथेच ठेवून वजन खाली आणलं तर? माझी गाडी सगळी मिळून २६०० ग्रॅम. बॅटरी २५० ग्रॅमची आणि ती कारखान्यातून येतानाच मागे, उंचावर बसवलेली. तिला पुढे आणून चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये ४० मिलिमीटर खाली घेतली तर गुरुत्वमध्य जवळपास ४ मिलिमीटर उतरतो. बीडलॉक चाकांच्या आत पितळी कडी बसते. सातपूरच्या एका लेथवाल्याकडून ४२ बाहेरचा व्यास, ३४ आतला, १० रुंदी अशी चार कडी कातून घ्यायची ठरवली, प्रत्येकी ४० ग्रॅमची. पितळ हे नाशिकला परकं नाही, तिथे अख्खी तांबट आळी आहे, पण लेथवाल्याला खेळण्याच्या चाकासाठी पितळ कातायचंय हे तीनदा सांगावं लागलं. चार कड्यांचं वजन ॲक्सलच्या उंचीवर येतं आणि गुरुत्वमध्य आणखी एक मिलिमीटर खाली ओढतं. दोन्ही मिळून ७५ चे ७० होतात. कोन साडेत्रेपन्न. म्हणजे पाच मिलिमीटर बाहेर जाण्यापेक्षा पाच मिलिमीटर खाली जाण्यात अर्धा अंश जास्तच मिळतो.

आणि बाहेर जाण्याची किंमत असते, ती मामानं ढाब्यापुढे सांगितलीच होती. सरळ ॲक्सलच्या गाडीत पुढचं चाक ज्या उभ्या खिळीभोवती फिरतं ती रेषा जमिनीपर्यंत लांबवली, तर ती टायरच्या मध्याच्या आत कुठे तरी टेकते. त्या दोन बिंदूंमधल्या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. माझ्या गाडीत मधल्या चाकांनी ते १५ मिलिमीटरच्या आसपास येतं. चाक ५ मिलिमीटर आत घेतलं तर १०, बाहेर काढलं तर २०. हे अंतर म्हणजे दगडाच्या हातातला पाना. एका चाकाला दगडानं दोन किलोच्या जोरानं मागे ढकललं, तर १० मिलिमीटरला सर्व्होवर दोन किलो-सेंटिमीटरचा पीळ पडतो, २० ला चार. पाना लांब झाला की नट सैल करणं सोपं जातं, इथे दगडाला तुमचं स्टिअरिंग सैल करणं सोपं जातं. त्याच्या जोडीला, वळताना टायर जागेवर फिरत नाही, कंसात घासत जातो. दगडाच्या कडेवर टायरची जेमतेम बोटभर पकड असताना स्टिअरिंग फिरवलं की टायर त्या कडेवरून चालत खाली उतरतो. आपण काहीच केलेलं नसतं, नुसतं वळवलेलं असतं.

आत घेण्यालाही मर्यादा आहे. टायर फार आत आला की पूर्ण वळणावर तो मागून येणाऱ्या लिंकच्या दांड्याला घासतो आणि वळण तिथेच संपतं. बॉडीची कड बाहेर राहते, दगडाला आधी ती लागते. २०१७ ला ट्रॅक्ससनं टीआरएक्स-४ पोर्टल ॲक्सलसकट आणली, त्यात चाकाजवळ गिअरची डबी लटकते, तिच्यामुळे रिमच्या आत किती जागा उरते हा वेगळाच हिशोब. माझा ॲक्सल साधा सरळ, त्यामुळे डबीची कटकट नाही.

कागदावरचं सगळं चाकं मागवायच्या आधी नदीवर तपासता येतं, आणि त्याला साडेपाच हजार लागत नाहीत. चाक आणि ॲक्सल यांच्यामध्ये १२ मिलिमीटरची षटकोनी चकती असते, तीच हेक्स. ती जितकी जाड, चाक तितकं बाहेर. माझी ६ मिलिमीटर जाड आहे. ११ ची एक जोडी आणि ९ ची एक जोडी, दोन्ही मिळून चारशेच्या आत आल्या. एकच काळजी: जाड हेक्स लावल्यावर ॲक्सलचा आटा कमी उरतो. नटमधलं नायलॉन आट्याला धरतंय का ते बघायचं, नाही तर चाक नदीत आणि आपण चाकामागे.

मार्चमधल्या दोन रविवारी मी कातळावर खडूनं तीन वाटा आखल्या. पहिली आडवी उतरण, साधारण पंचेचाळीस अंशांची. दुसरी दोन धोंड्यांमधली फट. तिसरी वळणावरची पायरी, जिथे चाकं पूर्ण वळलेली असतानाच चढावं लागतं. प्रत्येक वाट दहा-दहा वेळा, आधी गाडी आहे तशी, मग पुढे-मागे जाड हेक्स लावून. आडव्या उतरणीवर गाडी तीनदा उलटली, रुंद केल्यावर दोनदा. फटीत रुंद गाडी शिरलीच नाही. एक चाक धोंड्यावर चढून बसायचं आणि तिथून गाडी लोळायची. रुंदी जिथे उपयोगी पडावी तिथेच ती गाडी उलटवत होती. पायरीवर सर्व्हो मधमाशीसारखा गुणगुणायला लागला, सहाव्या फेरीनंतर त्याला बोट लावता येईना. मग बॅटरी खाली घेऊन, ६ च्याच हेक्सवर पुन्हा आडवी उतरण केली. दहात एकदा उलटली. पितळी कडी तेव्हा अजून लेथवरच होती.

मागच्या चाकांचा एक वेगळा मुद्दा आहे. बरेच जण पुढची चाकं थोडी रुंद आणि मागची अरुंद ठेवतात. वळताना मागचं चाक पुढच्याच्या मागोमाग येत नाही, आतून कापतं. लांब ट्रेलर वळताना आतल्या बाजूला मोटरसायकल का लावू नये, हे हायवेकाठच्या लहान पोरालाही माहीत असतं. मागची चाकं आत असली की आतल्या दगडाला चुकवणं सोपं. मला पुढचं स्टिअरिंग हलकं हवं होतं, त्यामुळे पुढची रुंद करायचा प्रश्न नव्हता. मागे ९ ची हेक्स लावून बघितली आणि त्याच दुपारी काढून ठेवली, गाडीचं ढुंगण प्रत्येक धोंड्याला विचारपूस करत चाललं होतं.

चारही चाकं १८ खोलीची मागवली. लांब, मोकळ्या, तिरक्या कातळावरच गाडी चालवणाऱ्यानं रुंद घ्यावीत, त्याला दीड अंशही कामाचा आणि फटींशी त्याचं काही देणंघेणं नाही. मला दारणेवर चालवायची होती.

शिवाय स्टिअरिंग हलकं हवं होतं ते माझ्यासाठी नव्हे. जानेवारीत मी सहज मामाच्या हातात रिमोट दिला होता. क्रॉलर चालवणारा गाडीच्या शेजारी, तीन-चार फुटांवर वाकून उभा असतो. वेग नसतो. म्हणजे त्याला जेवढं दिसतं तेवढ्यातच सगळा खेळ. त्यानं गाडी दगडाला लावली, थांबवली, उजवं चाक किती वर आहे ते वाकून बघितलं आणि मग इतका थोडा थ्रॉटल दिला की मला मोटरचा आवाज ऐकूच आला नाही. गाडी चढली. मी त्याच दगडावर महिनाभर झटत होते. पण वळणावर अडचण यायची. चाक दगडाला लागून स्टिअरिंग मध्येच फिरलं की तो दचकायचा, रिमोटवरचा अंगठा पटकन उचलायचा. खेळण्याच्या रिमोटला धक्का येत नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तेवीस वर्षांच्या हातांना ते कसं पटणार. गाडीचं चाक भलतीकडे वळलेलं दिसलं की त्यांच्यासाठी धक्का आलेलाच असतो.

नवी चाकं एप्रिलच्या शेवटी आली. टायर चढवले, पितळी कडी बसवली, स्क्रू आडव्या-उभ्या क्रमानं थोडे थोडे आवळले, गाडीच्या नटसारखेच. रविवारी ऊन चढायच्या आत नदीवर गेलो. मामानं तिसरी वाट घेतली, वळणाची पायरी. पूर्ण वळलेलं डावं चाक कडेला टेकलं. इथे पूर्वी पुढचा भाग झटका खाऊन सरळ व्हायचा. या वेळी टायर जरा दबला, फिरला आणि चाक वळलेलं असतानाच वर आलं. मामाचा अंगठा जागेवरच होता.

“हलकं झालं,” तो म्हणाला.

रिमोटचं नॉब तेवढंच जड होतं, आधीसारखं. मी काही बोलले नाही.

त्यानं ती पायरी अकरा वेळा चढली. दोनदा उलटला, एकदा मुद्दाम, कुठपर्यंत धरते ते बघायला. मग कातळावर बसून त्यानं गाडी उचलली आणि मागचं चाक फिरवून आतल्या खोलीत बोट घातलं.

“मागं जोडी चाकं बसतील का गं? फुगवट्याला फुगवटा लावून?”

मी पिशवीतून व्हर्नियर काढला. टायरची रुंदी ४४. दोन टायर एकमेकांना न घासता बसायचे तर त्यांच्या मध्यांत किमान ४८ अंतर हवं, आणि ही चाकं पाठीला पाठ लावून १० च देतात. उरलेले ३८ कुठून तरी भरावे लागतील. ॲक्सलचा आटा तेवढा लांब नाही, वेगळा कातून घ्यावा लागेल. सातपूरचा लेथवाला सोमवारी बंद असतो. मंगळवारी जाऊ, असं मामानंच ठरवलं.